उमेदवारी

दिवाळीच्या आगेमागे आमच्या दोंडाईच्याच्या बाजारात लाल मिरची येऊ लागते, आणि स्टेशनावर उतरणाऱ्या नवख्या माणसाची गावाशी पहिली ओळख ठसक्यानेच होते. २०२४ च्या दिवाळीतली गोष्ट. संध्याकाळी मी बाजाराकडून घरी परतत होतो. वाटेत मिरचीची देठे खुडून उठलेल्या चारपाच बाया मुकादमाशी हिशेब करीत उभ्या होत्या. किती वजन भरले, किलोमागे किती ठरले होते, कालचे किती राहिले, हे सारे त्या तोंडी सांगत होत्या आणि मुकादमाची वही त्यांच्या स्मरणशक्तीपुढे लंगडी पडत होती. माझ्याबरोबर माझा एक जुना विद्यार्थी होता. त्याने वकिलीची सनद घेतली त्याला तेव्हा दोनेक वर्षे होत आली होती. तो क्षणभर थांबला आणि हसून म्हणाला, "सर, या मावशींना आपला भाव ठाऊक आहे. मला माझा अजून कोणी सांगितलेला नाही."

तो हसला म्हणून मीही हसलो. परंतु घरी आल्यावर ते वाक्य काही केल्या मनातून जाईना.

नव्या वकिलाच्या या अवस्थेला आपल्याकडे 'उमेदवारी' असा शब्द आहे. 'उमेद' हा शब्द फारसीतून आला. त्याचा अर्थ आशा. उमेदवार म्हणजे आशेवर असलेला माणूस. पूर्वी कचेरीत कारकुनाची जागा रिकामी होईपर्यंत बिनपगारी राबणाऱ्यालाही उमेदवारच म्हणत. शब्द मोठा प्रामाणिक आहे. या माणसाला वेतन नाही, आशा आहे, एवढे तो सरळ सांगून टाकतो. प्रश्न इतकाच उरतो की, आशा हे वेतन होऊ शकते काय?

या मुलाचा दिवस कसा जातो ते मी जवळून पाहिले आहे. सकाळी आठला तो वरिष्ठांच्या कचेरीत असतो. त्या दिवशीच्या बोर्डावरची प्रकरणे काढावयाची, फायली लावावयाच्या, आलेल्या पक्षकारांना बसवावयाचे. मग शिंदखेड्याच्या कोर्टात तारीख घ्यावयाची, मुदतीचा अर्ज द्यावयाचा, नकलांसाठी कारकुनाच्या टेबलापाशी तिष्ठावयाचे. किंवा धुळ्याला जिल्हा न्यायालयात फायलींची पिशवी घेऊन वरिष्ठांच्या मागे उभे राहावयाचे. संध्याकाळी पुन्हा कचेरी. रात्री जेवण झाल्यावर कैफियतीचा मसुदा. रविवारीही सुटका नाही, कारण शेतकरी पक्षकाराला तोच दिवस मोकळा. महिन्याअखेर हातात येते ते कधी दोन हजार, कधी तीन, कधी काहीच नाही. दिवाळीला एक पाकीट. ते किती असावे हे ठरलेले नाही, आणि ठरलेले नाही म्हणून मागताही येत नाही. त्याची आई एकदा मला म्हणाली, "मना पोऱ्या वकील व्हयना, पन एस्टीनं भाडं आजून मीच देस." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ती नुसती वस्तुस्थिती सांगत होती, आणि म्हणूनच ते अधिक लागले.

मी शिक्षक. आयुष्यभर मी मुलांना सांगत आलो की, सुरुवातीला पैशाकडे पाहू नका, विद्या घ्या. या मुलालाही मी तेच सांगितले होते. आज त्या उपदेशाची मला थोडी लाज वाटते. ती का वाटते हेच मला येथे तपासून पाहावयाचे आहे.

१९६१ साली आपल्या संसदेने दोन कायदे केले. एक शिकाऊ उमेदवारांचा. त्यात कारखान्यात शिकणाऱ्याला विद्यावेतन द्यावे, त्याच्या कामाचे तास ठरलेले असावेत, त्याला रजा मिळावी, असे सांगितले आहे. दुसरा वकिलांचा. त्यात सनद, शिस्त, बार कौन्सिल या साऱ्यांची व्यवस्था आहे. वरिष्ठाच्या हाताखाली राबणाऱ्या नवशिक्याच्या पोटाची मात्र नाही. एकाच वर्षी, एकाच सभागृहात, लेथ यंत्रापुढे उभा राहणारा शिकाऊ हा श्रम करणारा माणूस ठरला आणि न्यायालयात उभा राहणारा शिकाऊ हा केवळ आशा करणारा राहिला. १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला आणि पाठीवर पोते वाहणाऱ्या हमालाची मजुरी ठरविण्याची व्यवस्था झाली. असल्या कायद्यांचे मसुदे करणारे आणि त्यांच्यासाठी भांडणारे वकीलच होते. दुसऱ्यांची मजुरी मोजून देणाऱ्या या मंडळींनी आपल्या कचेरीतील कोपऱ्याकडे मात्र पाहिले नाही.

याचे कारण लबाडी असेल असे मला वाटत नाही. कारण अभिमान हे आहे. वकिली हा धंदा नव्हे, ती एक प्रतिष्ठेची वृत्ती आहे, अशी ही समजूत आहे. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात वकिलाचे कार्यालय हे व्यापारी आस्थापना नव्हे असा निर्णय दिला. वकिली करणाऱ्याने कोणाचाही पूर्णवेळ पगारी नोकर होऊ नये, असा बार कौन्सिलचा नियमही आहे. दोन्ही गोष्टी मानाच्या आहेत. परंतु नवशिक्याच्या वाट्याला हा मान विचित्र रीतीने येतो. पगार घ्यावा तर नियम आडवा येतो, दुसरीकडे नोकरी धरावी तरी तोच नियम आडवा येतो, आणि दुकानातल्या नोकराला मिळणारे तासांचे संरक्षण मागावे तर हे दुकानच नव्हे!

आता दुसऱ्या टोकाकडे पाहू. मुंबईच्या मोठमोठ्या विधिसंस्था राष्ट्रीय विधी विद्यापीठांतून बाहेर पडणाऱ्या मुलांना पहिल्याच वर्षी पंधरा लाखांहून अधिक देतात. न्यूयॉर्कच्या बड्या संस्थांत २०२३ च्या अखेरीपासून पहिल्या वर्षाच्या वकिलाचा पगार दोन लाख पंचवीस हजार डॉलर आहे आणि त्याने वर्षाकाठी सुमारे दोन हजार तासांचे काम पक्षकारांच्या बिलावर चढवावे अशी अपेक्षा असते. हे झाले नोंदवलेले तास. प्रत्यक्षात बसावे लागते ते याहून कितीतरी अधिक. या मुलांचा मला हेवा वाटत नाही. त्यांच्या रात्री विकत घेतल्या जातात. पण विकत घेतल्या जातात म्हणूनच त्या मोजल्या जातात, आणि मोजल्या जातात म्हणून एखादा म्हणू शकतो की, या भावाला मी माझी झोप विकणार नाही. आमच्या मुलाची रात्र कोणी मोजतच नाही. जिचा भाव नाही ती वस्तू अमूल्य तरी असते किंवा फुकट तरी, आणि व्यवहारात ती फुकटच ठरते.

गेली काही वर्षे याबद्दल बोलले जाऊ लागले आहे. जून २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तमिळनाडू व पुदुच्चेरीच्या बार कौन्सिलला कनिष्ठ वकिलांच्या किमान विद्यावेतनाबद्दल मार्गदर्शक सूचना काढावयास सांगितले: मोठ्या शहरांत वीस हजार, अन्यत्र पंधरा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये भारतीय बार कौन्सिलने साऱ्या देशासाठी परिपत्रक काढले: शहरी भागात दरमहा वीस हजार, ग्रामीण भागात पंधरा हजार, किमान तीन वर्षे. मात्र ही शिफारस आहे, सक्ती नाही. परिपत्रक निघाले आणि पंधरवड्यात दिवाळी आली. मिरचीच्या बाजारात माझा विद्यार्थी हसला तो याच आठवड्यांत.

वरिष्ठांची बाजू ऐकल्यावाचून निकाल देणे बरे नव्हे. ती बाजू दुबळी नाही. ते म्हणतात, आम्ही त्याला विद्या देतो. कायद्याच्या महाविद्यालयात कैफियत लिहावयास कोण शिकवतो? उलटतपासात कोणता प्रश्न विचारू नये हे कोणत्या पुस्तकात आहे? आणि तालुक्याच्या वकिलाची मिळकत ती केवढी? कपाशी विकली गेली की पक्षकार फी देणार. पाऊस गेला तर फीही गेली. पंधरा हजारांची सक्ती करा, आम्ही कोणाला हाताखाली घेणारच नाही. मग तो शिकणार कोठे?

यातले शेवटचे भय खरे आहे. इंग्लंडातही ते बोलून दाखविले गेले. तेथे तर जुन्या काळी बॅरिस्टरीचा शिकाऊच गुरूला शंभर गिनी देत असे. २००० साली तेथील अपील न्यायालयाने शिकाऊ बॅरिस्टरला किमान वेतनाचा कायदा लागू होत नाही असे ठरविले. तरीही बॅरिस्टरांच्याच संघटनेने २००३ पासून वर्षाला निदान दहा हजार पौंड दिल्यावाचून शिकाऊ घ्यावयाचा नाही असा नियम केला. कायदा आपल्या बाजूने असताना त्यांनी तो लाभ सोडला, हे मला महत्त्वाचे वाटते. आपल्याकडे आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये नव्या वकिलांना सरकारी तिजोरीतून तीन वर्षे दरमहा पाच हजार देण्याची योजना सुरू केली होती. म्हणजे भार एकट्या तालुक्याच्या वकिलानेच सोसावा असे नाही. वाटा निघू शकतात.

पण विद्येच्या युक्तिवादाचे काय? मला वाटते, येथे दोन ऋणांची गल्लत होते. विद्येचे एक ऋण असते आणि श्रमाचे दुसरे. एकाने दुसरे फिटत नाही. शिकवणाऱ्याबद्दल कृतज्ञ असावे. पण कृतज्ञतेची पावती दाखवून मजुरी बुडवता येत नाही. मग कोणते काम शिक्षण आणि कोणते श्रम, हे ओळखावे कसे? मला एक साधी कसोटी सुचते. तो त्या दिवशी आला नसता तर कोणाचे अडले असते? मागच्या बाकावर बसून तो उलटतपास ऐकतो. न आला तर नुकसान त्याचे. ते शिक्षण. वरिष्ठ धुळ्याला असताना तो शिंदखेड्याला उभा राहून तारीख घेतो. न आला तर नुकसान वरिष्ठांचे आणि पक्षकाराचे. ते काम. त्याच्या दिवसाची अशी वाटणी करून पाहिली तर पहिल्या सहा महिन्यांनंतर शिक्षणाचा वाटा झपाट्याने घटत जातो.

कोणी थोरांची उदाहरणे देतात. गांधीजींना मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिल्या खटल्यात तोंडून शब्द फुटला नाही आणि त्यांनी तीस रुपयांची फी परत केली. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ साली मुंबईत वकिली सुरू केली. उत्पन्नाला जोड म्हणून त्यांना एका खासगी संस्थेत व्यापारी कायदा शिकवावा लागला. पुढे हेच बाबासाहेब ३१ जुलै १९३७ रोजी एका खटल्यासाठी आमच्या धुळ्याला आले. लळिंगच्या लांडोर बंगल्यातील त्यांच्या मुक्कामाच्या आठवणीसाठी आजही दरवर्षी लोक तेथे जमतात. या उदाहरणांवरून कष्टाने माणूस मोठा होतो असा निष्कर्ष काढावयाचा मोह होतो. पण जे तग धरून राहिले त्यांचीच चरित्रे लिहिली जातात. माझ्या विद्यार्थ्याबरोबर सनद घेतलेली एक मुलगी, शाळेत नेहमी पहिली येणारी, आठ महिन्यांत वकिली सोडून एका पतपेढीत लागली. तिचे चरित्र कोण लिहिणार? तिच्या घरी तीन वर्षे वाट पाहण्याइतकी जमीन नव्हती, एवढीच तिची उणीव.

आणि ही वाट आता अधिक महाग झाली आहे. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. या पदाचा आरंभीचा मूळ पगार ७७,८४० रुपये. अनुभव नसलेला न्यायाधीश नको, हे न्यायालयाचे म्हणणे मला पटते. पण त्या तीन वर्षांचा खर्च कोण करणार? ज्याच्या बापाकडे बागायत आहे तो करील. म्हणजे उद्या शिंदखेड्याच्या न्यायासनावर कोण बसेल, हे आज त्याला एस्टीचे भाडे कोण देते यावर ठरणार. अनुभवाचा दाखलाही निदान दहा वर्षे वकिली केलेल्याकडून घ्यावयाचा. तेव्हा हिशेब मागणाऱ्याच्या जिभेला आणखी एक गाठ.

आता माझ्या लाजेविषयी. माझ्या वडिलोपार्जित शेताच्या बांधाचा एक दावा होता. तो याच वरिष्ठांकडे होता. कैफियत या मुलाने रात्री बसून लिहिली, हे मला ठाऊक होते, कारण जुन्या फेरफाराची नोंद लावून घ्यावयास तो माझ्याकडेच आला होता. दावा माझ्या बाजूने लागला. वरिष्ठांना मी ठरलेली फी दिली आणि वर पेढे नेले. मुलाच्या पाठीवर हात ठेवला. त्यातले त्याला काय मिळाले हे मी विचारले नाही. विचारणे मला अशिष्ट वाटले. त्याच्या श्रमाचे फळ माझ्या सातबाऱ्यावर होते, आणि मी मात्र वरिष्ठांच्या कंजूषपणावर मनातल्या मनात निबंध लिहीत होतो!

यंदा समोरच्याने अपील केले. फी ठरवावयास मी गेलो तेव्हा वरिष्ठांना म्हणालो, "वकीलसाहेब, दोन आकडे सांगा. एक तुमचा, एक याचा." ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "सर, मी चार वर्षे फुकट काढली. मला कोणी विचारले नव्हते." त्यांच्या आवाजात राग नव्हता. आपल्यावर झालेला अन्याय हाच रिवाज समजून पुढे नेणारा माणूस दुष्ट असतोच असे नाही. त्याला बहुधा कोणी विचारलेले नसते. त्यांनी कागद ओढला आणि दोन आकडे लिहिले. दुसरा लहानच होता. परिपत्रकातल्या पंधरा हजारांच्या जवळपासही नव्हता. पुढे त्यांनी आपण होऊन इतर प्रकरणांतही त्याचा वाटा ठरवून टाकला.

याने प्रश्न सुटला असे मी म्हणत नाही. एका कचेरीत एक आकडा कागदावर आला, एवढेच झाले. पण त्या महिन्यापासून एस्टीचे भाडे त्याची आई देत नाही.