चाल कोणाची?

जुन्या संगीत नाटकांची पुस्तके ज्यांनी हाताळली आहेत, त्यांना एक गोष्ट आठवत असेल. पदाच्या डोक्यावर, कंसात, बारीक टाइपात एक ओळ छापलेली असे. आधी राग, मग ताल, आणि नंतर 'चाल' हा शब्द व त्यापुढे दुसऱ्याच कुठल्यातरी गाण्याचे पहिले दोन-चार शब्द. ते शब्द कधी ब्रजभाषेतल्या बंदिशीचे असत, कधी ठुमरीचे, कधी उर्दू नाटकातल्या गजलेचे, तर कधी कानडी पदाचे. नाटक वाचणारा ती ओळ ओलांडून पुढे जातो. गाणारा मात्र तिच्यापाशी थांबतो, कारण पद म्हणायचे कसे ते त्या ओळीतच आहे. आम्हाला ती ओळ म्हणजे मराठी रंगभूमीने स्वतःच्या हाताने लिहून दिलेली कर्जाची पावती वाटते. फरक इतकाच, की पावतीवर गाण्याचे नाव आहे, गाणे बांधणाऱ्याचे नाही.

इथूनच प्रश्न सुरू होतो. गाणे ज्याने बांधले त्याचे नाव त्या गाण्यावर राहायला हवे का? आणि नाव पुसले गेले पण गाणे लाखो गळ्यांत गेले, तर बांधणाऱ्याचे नुकसान झाले म्हणायचे की भले?

कागदावर विसंबून नसलेल्या कलावंतांनी या प्रश्नावर एक सुंदर उपाय शोधला होता. ख्यालाच्या बंदिशीत रचनाकाराचे नाव शब्दांतच गुंफलेले असते. सदारंग हे त्यातले सर्वांत प्रसिद्ध. आग्रा घराण्याचे फैयाजखाँ 'प्रेमपिया' या नावाने रचना करीत, विलायत हुसेनखाँ 'प्राणपिया' या नावाने, अजमत हुसेनखाँ 'दिलरंग' या नावाने, आणि आपल्या भेंडीबाजारचे अमान अलीखाँ 'अमर' या नावाने. गजलेच्या मक्त्यात शायराचा तखल्लुस येतो, अभंगाच्या शेवटी तुकोबा स्वतः बोलतात, पोवाड्याच्या अखेरीस शाहीर आपले नाव सांगून डफ खाली ठेवतो. ही नुसती हौस नव्हे. कायदा नव्हता, छापखाना नव्हता, तेव्हाचा हा स्वामित्वहक्क होता. गाणे पळवायचे तर नावासकट पळवावे लागे.

मराठी पदकर्त्याने मात्र चाल घेतली आणि शब्द बदलले. शब्द गेले तसे शब्दांत गुंफलेले नावही गेले. कोणी दुष्टपणाने पुसले नाही. ते आपोआप गळून पडले. आणि गंमत अशी, की नव्या पदात मराठी कवीलाही आपले नाव घालता येत नाही. सुभद्रा किंवा भामिनी गाते तेव्हा ते तिचे मन गात असते. तिच्या शेवटच्या ओळीत अण्णासाहेबांचे किंवा काकासाहेबांचे नाव आले तर प्रेक्षक हसतील. नाटक ही कलाच अशी, की ती आपल्या कर्त्याला पडद्याआड उभे करते. म्हणजे नाव दोघांचेही गेले, उस्तादाचे आणि कवीचेही. पण कवीचे नाव निदान पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आणि जाहिरातीत राहिले. उस्तादाच्या वाट्याला कंसातली अर्धी ओळ आली, तीही बिननावाची.

हा व्यवहार मुळापासूनच चालत आला आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आले. एका पारशी कंपनीचा 'इंद्रसभा'चा खेळ पाहून त्यांना संगीत नाटकाची कल्पना सुचली, असे नाट्येतिहासात सांगतात. 'इंद्रसभा' लिहिली लखनौच्या आगा हसन यांनी, आणि त्यांचा तखल्लुस होता 'अमानत'. दुसऱ्याने विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू म्हणजे अमानत. योगायोगच, पण अर्थपूर्ण. पुढे श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी पारशी-उर्दू रंगभूमीच्या चाली उघड उघड मराठीत आणल्या. त्यावर टीकाही झाली. लोकांनी मात्र त्या उचलल्या.

मग १२ मार्च १९११ रोजी मुंबईच्या रिपन थिएटरात खाडिलकरांचे 'मानापमान' झाले. त्याच्या चाली गोविंदराव टेंब्यांनी दिल्या होत्या. नाटककार एक आणि चाली देणारा स्वतंत्र कलावंत दुसरा, ही वाटणी इथून रुळली. संगीतकार हा पेशा मराठी रंगभूमीवर जन्माला आला तो असा. टेंबे हार्मोनियमचे जाणकार, पूरब अंगाच्या ठुमरी-दादऱ्याचे वेडे. चाली आधी आणि शब्द मागून, असे काम चाले. अंगरखा आधी शिवावा आणि मग त्यात मावणारा माणूस शोधावा, तसेच ते. त्यामुळे खाडिलकरांच्या पदांतले काही शब्द अडखळतात हे खरे आहे, पण ते गाताना कोणाला आठवते? भेंडीबाजार आणि गिरगाव यांच्यामध्ये फार तर अर्ध्या तासाची चाल आहे. त्या अर्ध्या तासाच्या पट्ट्यात, ग्रँट रोडच्या नाटकगृहांत, कोठ्यांवर, पेठ्यांच्या माजघरांत झालेल्या बैठकांत, त्या काळचे अर्धे हिंदुस्थानी संगीत नांदत होते. चाली एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जायला परवाना लागत नव्हता.

टेंब्यांच्या नंतरचे मोठे नाव भास्करबुवा बखल्यांचे. 'विद्याहरण', 'स्वयंवर', 'द्रौपदी' या नाटकांच्या चाली त्यांच्या. त्यांची तालीम झाली बडोद्याच्या फैजमहंमदखाँकडे, आग्र्याच्या नत्थनखाँकडे आणि पुढे अल्लादियाखाँकडे. बुवांनी हे कधी लपवले नाही. टेंब्यांनी तर अल्लादियाखाँसाहेबांचे चरित्रच लिहिले. म्हणून 'मराठी रंगभूमीने उस्तादांची विद्या चोरली' असे जे कोणी तावातावाने म्हणतात, त्यांच्याशी आम्ही सहमत नाही. चोर गुरूचे चरित्र लिहीत बसत नाही. शागीर्दाने उस्तादाचे नाव घेतले. पण शागीर्दाचे पद ऐकणाऱ्या प्रेक्षकापर्यंत ते नाव पोचले नाही, आणि प्रेक्षकाच्या नातवापर्यंत तर त्याची छायाही आली नाही.

रंगमंचासमोरच्या साथीचेही तेच. गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवा आणि सारंगीला कादरबक्ष होते. बालगंधर्वांच्या गाण्याच्या आठवणी सांगताना रसिक शालूंचे रंग सांगतात, अत्तराचे वास सांगतात. कादरबक्षांच्या सारंगीने त्या स्वराला किती आधार दिला, हे सांगणारे थोडे.

पण विस्मृती धर्म पाहून येत नाही. 'एकच प्याला' म्हटले की गडकरी आणि बालगंधर्व आठवतात. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले, आणि नाटक त्यानंतर रंगभूमीवर आले. त्यातली पदे त्यांची नाहीत; ती लिहिली विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी. चाली दिल्या सुंदराबाई जाधव यांनी. सिंधूच्या तोंडची पदे ऐकून महाराष्ट्राने शंभर वर्षे डोळे पुसले. पण त्यातले किती जण गुर्जरांचे नाव सांगू शकतील? आणि सुंदराबाई तर बैठकीत गाणारी बाई. तिच्या चालीवर कुलीन सिंधू रडते, हे उच्चारायलाच समाजाला जड जात असावे.

आता आमच्याकडे वळू. आपल्या संमेलनांत, विशेषांकांत 'मराठी संगीताला मुसलमानांचे योगदान' या विषयावर भाषण किंवा लेख असतोच. याद्या वाचल्या जातात, टाळ्या पडतात. आम्हाला 'योगदान' हा शब्दच खटकतो. योगदान पाहुणा देतो, घरचा माणूस देत नाही. ज्याने भिंत बांधली त्याने घराला 'योगदान' दिले, असे आपण म्हणतो का? दुसरे असे, की ही देणी-घेणी दोन समाजांमधली नव्हती. ती एका उस्तादाची आणि एका शागीर्दाची होती. नत्थनखाँनी 'हिंदूंना' शिकवले नाही, भास्करला शिकवले. तिसरी गोष्ट अधिक कडू आहे. आज ज्यांची नावे आपण अभिमानाने वाचतो, त्यांच्या पेशाला आपल्याच मोहल्ल्यात किती मान होता? 'गाणे-बजावणे आपल्यात चालत नाही' असे मुलाला बजावणारा बापच व्यासपीठावर थिरकवांचे नाव घेतो तेव्हा त्या यादीला काय अर्थ उरतो?

उस्तादांच्या बाजूनेही सगळे सरळ नव्हते. अस्सल चीज शागीर्दापासून लपवणे, अंतरा न सांगणे, दारामागे कोणी ऐकत असेल तर राग बदलणे, असे किस्से प्रत्येक घराण्यात आहेत. छातीशी धरलेल्या किती बंदिशी धन्याबरोबर कबरीत गेल्या याची मोजदाद नाही. उलट ज्या नाटकात शिरल्या त्या वाचल्या. नाव हरवून का होईना, वाचल्या. मग बाप कोणता बरा? मुलाला आपले नाव लावून घरात कोंडणारा, की नाव विसरले तरी चालेल पण जगू दे म्हणणारा?

हाच पेच पुरुषोत्तम दारव्हेकरांनी 'कट्यार काळजात घुसली'मध्ये १९६७ साली रंगमंचावर आणला. खाँसाहेब आफताब हुसेन यांना आपली गायकी दुसऱ्याच्या गळ्यात जाऊ द्यायची नाही, आणि सदाशिव नोकर होऊन ती कानांनी टिपतो. विद्या चोरली म्हणून खाँसाहेबांचा संताप खरा, आणि शिकण्याची सदाशिवची तहानही खरी. नाटककार कोणालाच फुकट निर्दोष ठरवत नाही, हे या नाटकाचे मोठेपण. आता पडद्यामागे पाहा. संगीत जितेंद्र अभिषेकींचे, ज्यांच्या गुरूंत अजमत हुसेनखाँ म्हणजेच 'दिलरंग' होते. खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे, ज्यांना अमान अलीखाँची आणि अब्दुल करीमखाँचे पुत्र सुरेशबाबू माने यांची तालीम लाभली होती. रंगमंचावर जी विद्या द्यायला खाँसाहेब तयार नव्हते, ती प्रत्यक्षात दिली गेली होती, म्हणून तर ते नाटक उभे राहिले.

परळ-लालबागमध्ये हिशेब वेगळा होता. गिरणगावात गाणे बैठकीतून नव्हे, चाळीच्या पटांगणातून येई. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने वग आणि पोवाडे गिरणीच्या दारात नेले. अण्णाभाऊंनी लिहावे आणि अमर शेखांनी आपल्या पहाडी आवाजात ते हजारोंच्या सभेत टाकावे. ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना गाणे अमर शेखांचेच वाटे. त्यावरून दोघांत हक्काचे भांडण झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही. गाणे चळवळीचे होते. आणि अमर शेख हे नाव तरी कुठे जन्माचे? बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल ते. त्यांनी स्वतःहून नाव सोडले आणि लोकांनी दिलेले घेतले. पण स्वतः नाव सोडणे वेगळे आणि दुसऱ्याने ते विसरणे वेगळे. पहिल्याला आपण त्याग म्हणतो. दुसऱ्याला त्याग म्हणून साजरे करणे ही शुद्ध लबाडी आहे, आणि कलेच्या जगात ती फार चालते: 'खाँसाहेब फकीर माणूस, त्यांना नावाचे काय!'

कायद्याचे म्हणाल, तर १९५७च्या कायद्याने कर्त्याला आपल्या कृतीवर नाव सांगण्याचा हक्क दिला आणि २०१२च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा मानधनातला वाटा पक्का केला. जिवंत कलावंतांसाठी ते चांगलेच झाले. पण तोंडी परंपरेतली, तीन पिढ्या आधीची, शब्द बदललेली चाल कायद्याच्या कोणत्या कलमात बसवणार? तिथे न्यायालय नाही, आठवण आहे.

म्हणून आम्हाला भाषणांपेक्षा एक लहान काम करावेसे वाटते. दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासूनचे. अशा जुन्या ग्रंथालयांत किर्लोस्कर-देवल-खाडिलकरांच्या आवृत्त्या असतात. संगीत शिकणारी चार मुले-मुली, आपल्यातलीही, तिथे बसवावीत. वहीच्या डाव्या बाजूला मराठी पद उतरावे, उजवीकडे कंसातल्या ओळीवरून मूळ चीज शोधावी, कोणा जाणत्या गवयाकडून ती पुरी ऐकावी आणि तिच्यातली मुद्रा लिहून घ्यावी. जिथे मुद्रा सापडणार नाही तिथे कोणाचेही नाव, अगदी आपल्या आवडत्या उस्तादाचेही, ठोकून देऊ नये. ती जागा कोरी ठेवावी.