किती चढली, हे कोणी ठरवायचे?

"मला चढत नाही" हे वाक्य गाडीची किल्ली हातात असलेल्या माणसाच्या तोंडून आले की माझा जीव धास्तावतो. बोलणारा खोटे बोलत नसतो, त्याला ते मनापासून खरे वाटत असते, आणि भीती त्याचीच आहे. दारू पोटात गेली की पाय लटपटण्याच्या आधी स्वतःविषयीचा अंदाज बिघडतो. म्हणून हा निवाडा पिणाऱ्याकडे ठेवून चालणार नव्हते. कायद्याला ते उमगायला फार वर्षे लागली.

आधी सगळी भिस्त पोलिसाच्या आणि डॉक्टरच्या नजरेवर असे. तोंडाला वास, अडखळती जीभ, झोकांड्या, डोळ्यांच्या विस्फारलेल्या बाहुल्या. सराईत पिणारा यातून सहज निसटे, तर अपघाताने हादरलेला, थेंबही न घेतलेला माणूस अडकण्याची भीती. महाराष्ट्रातल्याच एका अपघाताच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नुसत्या या लक्षणांवरून दारूची नशा सिद्ध होत नाही असे म्हटले होते.

वाट दाखवली ती स्वीडनमधल्या एरिक विडमार्क यांनी. बोटाच्या टोकाला टोचायचे, बारीकशा काचेच्या नळीत रक्ताचे थोडे थेंब घ्यायचे आणि त्यातला मद्यांश मोजायचा, ही त्यांची रीत 1922 सालची. नॉर्वेने 1936 मध्ये कायद्यात आकडाच घातला: 100 मिलिलिटर रक्तात 50 मिलिग्रॅम. त्याच सुमारास अमेरिकेत मात्र 150 चा आकडा पुढे आला, म्हणजे तिप्पट. कारण तिथे प्रश्न अजून जुनाच होता: माणूस झिंगला आहे का?

तो प्रश्न बदलला रॉबर्ट बोर्केनस्टाईन यांच्यामुळे. इंडियाना राज्याच्या पोलिसांत काम करताना त्यांनी 1954 मध्ये श्वासावरून मद्यांश मोजणारे यंत्र बनवले. पुढे मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहरात त्यांनी अपघातातल्या चालकांच्या जोडीला, त्याच ठिकाणांवरून सुखरूप जाणारे चालकही थांबवून तपासले. 80 च्या पुढे धोका झपाट्याने वाढतो, हे तिथे स्पष्ट दिसले. त्यातले कितीतरी चालक बघणाऱ्याला शुद्धीत वाटले असते. ब्रिटनने 1967 मध्ये 80 ची मर्यादा लावली तेव्हा वाहतूकमंत्री बार्बरा कॅसल यांच्यावर गहजब झाला. स्वतः गाडी न चालवणाऱ्या बाईने आम्हाला का शिकवावे, असेही म्हटले गेले. मला वाटते, गाडी न चालवणाऱ्यांचाच यात पहिला हक्क आहे. रस्ता ओलांडणारे तेच असतात.

आपल्या 1988 च्या मोटार वाहन कायद्यात मूळ शब्दयोजना "कितीही अल्प प्रमाणात" अशा अर्थाची होती. 1994 च्या दुरुस्तीने 30 मिलिग्रॅमची मर्यादा आली. इंग्लंडच्या 80 पेक्षा ती किती कडक! मला ती योग्यच वाटते. पण नोव्हेंबर 2006 मध्ये वांद्र्याच्या कार्टर रोडवर रस्त्याच्या कामावरचे मजूर फुटपाथवर झोपले होते, त्यांच्यावर गाडी गेली आणि सात जण मेले. चालकाच्या रक्तात 112 मिलिग्रॅम मद्यांश निघाला. खालच्या न्यायालयाने सहा महिन्यांची शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने ती तीन वर्षांवर नेली आणि 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. आकडा नसता तर तेवढेही झाले असते का, याची मला शंका आहे.

मात्र आकड्यालाही पहारा लागतो. मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. रक्ताचा नमुना घेतला गेला तो कित्येक तासांनी, आणि तो बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. आरोपाचे काय ते न्यायालय ठरवील. उशिराचे गणित मात्र कोणालाही मांडता येते: दर 100 मिलिलिटर रक्तातला साधारण 15 मिलिग्रॅम मद्यांश शरीर तासाला जाळते. सहा तासांत 90 गेले. नाकाबंदीत ब्रेथ ॲनालायझरला नवी नळी लावून फुंकायला लावतात, मिनिटभरात आकडा दिसतो. अपघाताच्या जागीही अशी तपासणी करण्याचा अधिकार पोलिसांना कायद्याने दिलेला आहे. ती तिथेच, त्याच क्षणी झाली पाहिजे, गाडी कोणाची आणि बाप कोण हे विचारायच्या आधी.