चुकीचा देह

“मॅडम, आमच्या टेबलवरची बॉडी चुकीची आहे.” डिसेक्शन हॉलमध्ये दर वर्षी कुणीतरी मला हे सांगायला येतंच. पुस्तकाप्रमाणे दंडातली ब्रेकियल धमनी कोपराच्या खळग्यात उतरते आणि तिथे तिला दोन फाटे फुटतात : अंगठ्याकडे रेडियल, करंगळीकडे अल्नर. टेबलवरच्या आजोबांची रेडियल मात्र काखेपासून दोन बोटांवरच वेगळी झालेली असते. शंभर हातांत दहा-पंधरांत तरी असं सापडतं. अल्नर स्नायूंखाली न शिरता थेट कातडीखालून धावते, ते त्याहून विरळ, शंभरांत तीन-चार.

पोरांचा ‘चुकीची’ हा शब्द मला मात्र सहज सोडून देता येत नाही. चूक म्हणायची तर ती कुणाची?

१८३३ साली सर चार्ल्स बेल या नावाजलेल्या शरीरशास्त्रज्ञाने केवळ मानवी हातावर एक ग्रंथ लिहिला. ब्रिजवॉटरच्या अर्लने सृष्टीतून ईश्वराचं सामर्थ्य आणि शहाणपण दाखवणाऱ्या ग्रंथांसाठी मृत्युपत्रात पैसे ठेवले होते. त्यातलाच हा एक. हाताची रचना इतकी चोख, की मागे योजना करणारा असलाच पाहिजे, हा बेलचा युक्तिवाद. पुढे १८४४ मध्ये लंडनच्या रिचर्ड क्वेनने सुमारे हजार देहांतल्या धमन्या तपासून कोणता मार्ग किती वेळा सापडतो याची मोजदाद छापली. त्याला ईश्वराशी कर्तव्य नव्हतं, सर्जनचा सुरा कुठे चुकेल याची काळजी होती. डार्विनने १८७१ च्या ‘डिसेंट ऑफ मॅन’मध्ये नेमका याच मोजदादीचा आधार घेतला : माणसा-माणसांत केवढा फरक असतो, हे दाखवायला. बेलने हाताची हाडं, सांधे, स्नायू यांचं केलेलं कौतुक आजही वाचावंसं वाटतं. पण धमन्यांपाशी त्याचा आराखडाकार अडचणीत येतो.

आमच्या घरात वेगळा सिद्धान्त होता. आई वारकरी, असं काही सांगितलं की म्हणायची, “ज्याचं त्याचं कर्म गं.” एकादशी मीही करते, तरी हे मला पटलं नाही, आणि कारण टेबलवरच होतं. त्याच आजोबांचा डावा हात उघडला तर तो अगदी पुस्तकाबरहुकूम निघतो. गेल्या जन्मी एकट्या डाव्या हाताने कोणतं पुण्य केलं होतं? आईला हे विचारलं, तेव्हा तिने मला देवाची वात लावायला पाठवलं.

घडतं ते साधं आहे. गर्भाच्या दुसऱ्या महिन्यात हाताच्या कोंबात केशवाहिन्यांचं जाळं असतं. माळावरच्या पायवाटांसारखं, जिथून वर्दळ जास्त ती वाट रुंदावते, बाकीच्यांवर गवत वाढतं. क्वचित एखादी जुनी वाट मोडत नाही, एवढंच. रक्त बोटांपर्यंत पोचतं आणि आजोबा सत्तर वर्षं नांगर धरतात, नातवंडं उचलतात. आपल्या हातात काही निराळं आहे याचा त्यांना पत्ताही नसतो.

मग दोष जन्मतो कधी? कुणीतरी सुई घेऊन येतं तेव्हा. कोपरापाशी कातडीखाली फुगलेली वाहिनी दिसली की ती शीरच, असं गृहीत धरलं जातं. ती वरून धावणारी अल्नर असेल आणि त्यात थायोपेंटोनसारखं भुलीचं औषध गेलं, तर स्फटिक बनतात, वाहिनी आकसते, बोटं काळी पडतात. कधी ती कापावी लागतात. मनगटातून अँजिओग्राफी करतानाही वर फुटलेली रेडियल तार अडवू शकते. तोंडाच्या कॅन्सरनंतर रेडियलसकट हाताची कातडी गालात बसवतात, तेव्हाही हा नकाशा आधी कळलेला बरा. देहाने कुणाला काही कबूल केलं नव्हतं. गृहीत आपण धरलं होतं.

बरं, बहुमताला ‘योग्य’ म्हणायचं तर तेही टिकत नाही. हाताच्या मधोमध धावणारी मीडियन धमनी गर्भातच विरावी अशी अपेक्षा असते. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं, की १८८० च्या सुमारास जन्मलेल्यांत ती दहा टक्क्यांत टिकून होती, तर विसाव्या शतकाच्या अखेरीस जन्मलेल्यांत तीस. हे असंच चाललं तर पुढच्या शतकात चुकीच्या बॉडी आपल्या ठरतील.

यातून देव नाही असं सिद्ध होत नाही. प्रत्येक हात एकाच नकाशावरून काढणारा कारकून मात्र मी देव्हाऱ्यातून उठवला आहे.

नर्सिंगच्या मुलींना आणि इंटर्नना माझं एकच सांगणं असतं : पट्टा बांधण्याआधी ती जागा बोटाने चाचपा, ठोका लागला तर तिथे सुई नको. आणि वाचकहो, अँजिओग्राफीच्या किंवा सोनोग्राफीच्या कागदावर तुमची धमनी वेगळी असल्याचा शेरा असेल, तर तो फाइलमध्ये वरच ठेवा आणि पुढच्या डॉक्टरला विचारायच्या आधी सांगा.