हेतू, प्रमाद आणि शब्द

संगणकशास्त्रात एका यंत्राने आदेश द्यावेत आणि दुसऱ्याने ते पाळावेत, किंवा एका सर्व्हरवरील माहितीची नक्कल दुसऱ्याने ठेवावी, अशा रचनेला दीर्घकाळ ‘मास्टर’ आणि ‘स्लेव्ह’, म्हणजे धनी आणि गुलाम, अशी नावे होती. २००३ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीच्या प्रशासनाने पुरवठादारांना ही नावे उपकरणांवर न घालण्याची विनंती केली. २०१४ मध्ये ‘जँगो’ या वेब-प्रणालीने, २०१८ मध्ये ‘पायथॉन’ या संगणकभाषेने आणि ‘रेडिस’ या माहिती साठवणाऱ्या प्रणालीने पर्यायी शब्द स्वीकारले आणि जुलै २०२० मध्ये लिनक्स कर्नलच्या, म्हणजे त्या कार्यप्रणालीच्या गाभ्याच्या, लेखनसंकेतांत नव्या मजकुरापुरता ही नावे टाळण्याचा नियम आला. अशा बदलांना होणारा एक विरोध असा होता: प्रोग्रॅमरच्या मनात कोणाचाही अवमान करण्याचा हेतू नसताना शब्दाला दोष कसा लागतो? हा विरोध तांत्रिक वादातून आला असला तरी त्याच्या मुळाशी नीतिशास्त्रातील जुना प्रश्न आहे, तो म्हणजे कृतीचे मोल कर्त्याच्या हेतूवरून ठरते की तिच्या परिणामावरून.

हेतूच्या पक्षाला भारतीय शब्दविचारात भक्कम आधार मिळतो. वाक्याचा अर्थ कळण्यासाठी ‘तात्पर्य’, म्हणजे वक्त्याला अभिप्रेत असलेला अर्थ, ध्यानात घ्यावा लागतो असे नैयायिकांनी मानले. साहित्यशास्त्रात रूढ लक्षणेचे, म्हणजे मूळ अर्थ मागे पडून वापराने स्थिर झालेल्या अर्थाचे, प्रसिद्ध उदाहरण ‘कुशल’ हे आहे. कुश गवत तोडून आणणारा हा त्याचा व्युत्पत्तीने निघणारा अर्थ असला, तरी निपुण कारागिराला कुशल म्हणताना ते गवत कोणालाही आठवत नाही. ‘स्लेव्ह’ हा शब्दही असाच झिजून केवळ तांत्रिक उरला आहे, असे या पक्षाचे म्हणणे आहे.

शब्दाचा इतिहास मात्र हा निष्कर्ष सहजासहजी मान्य करू देत नाही. या रूपकाचा तंत्रज्ञानातील शोध घेणारे अभ्यासक रॉन एग्लॅश यांना त्याचा जुना वापर केपटाउनच्या वेधशाळेतील खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड गिल यांच्या १९०४ मधील घड्याळाच्या वर्णनात आढळला. केप वसाहतीत गुलामगिरी १८३४ मध्ये कायद्याने संपली होती, म्हणजे मध्ये एका माणसाच्या आयुष्याएवढाच काळ लोटला होता. पुढे १९२१ च्या सुमारास अभियंते शॉर्ट यांनी सिद्ध केलेल्या घड्याळात मुख्य लोलक निर्वात नळकांड्यात जवळजवळ मुक्तपणे हेलकावे घेई, तर काटे चालवण्याचे आणि दर अर्ध्या मिनिटाला त्या लोलकाला गती देण्याची व्यवस्था सांभाळण्याचे काम ‘स्लेव्ह’ घड्याळाकडे असे. एकाने मोकळे राहावे म्हणून दुसऱ्याने राबावे, हे नाते रूपकात पूर्णपणे शिल्लक होते. शिवाय व्यंजनेने, म्हणजे शब्दाच्या सूचकशक्तीने, मिळणारा अर्थ वक्त्याप्रमाणे ‘बोद्धव्या’वरही, म्हणजे ज्याला उद्देशून बोलले जाते त्याच्यावरही, अवलंबून असतो असे साहित्यशास्त्रकार मम्मटाने सांगितले आहे. गुलामांचे वंशज आज हेच प्रोग्रॅम वाचतात आणि लिहितात; त्यांच्यासाठी तो शब्द झिजलेला नाही.

हेतू आणि परिणाम यांतील हा वाद श्रमण परंपरेने फार पूर्वी लढवला. मज्झिम निकायातील उपालिसुत्तात निगंठांचा, म्हणजे जैनांचा, पक्ष कायिक कृतीला अधिक वजन देतो, तर बुद्ध मनाच्या कर्माला. परंतु उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेचे लक्षण सांगताना ‘प्रमत्तयोग’ ही अट येते, आणि तिच्यामुळे या वादाला तिसरी बाजू मिळते. प्रमाद म्हणजे बेसावधपणा. पावलापुढची जमीन निरखत चालणाऱ्या मुनीच्या पायाखाली नकळत जीव मेला तर त्याला हिंसेचे पाप लागत नाही, आणि बेफिकीरपणे चालणाऱ्याला, एकही जीव मेला नाही तरी, ते लागते. येथे द्वेष असण्याची गरज नाही. दिसू शकणारे पाहण्याचे नाकारणे पुरेसे आहे.

ही कसोटी प्रोग्रॅमच्या एका ओळीला लावून पाहता येते. ‘रेडिस’च्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये ‘स्लेव्हऑफ’ या शब्दापुढे दुसऱ्या सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट क्रमांक लिहिला जाई. पाचव्या आवृत्तीपासून तेथे ‘रेप्लिकाऑफ’ आले आणि जुनी यंत्रणा मोडू नये म्हणून जुना शब्दही चालू राहिला. ज्यांनी पूर्वी ती ओळ लिहिली त्यांना दोषी ठरवणे अन्याय्य होईल, कारण त्यांच्या ठायी द्वेष नव्हता आणि त्या शब्दाची बोचही त्यांच्यापुढे आलेली नव्हती. परंतु शब्द कोणाला बोचतो हे कळल्यावर, आणि ‘रेप्लिका’ म्हणजे प्रतिकृती हा अधिक नेमका पर्याय हाती असताना, जुन्या शब्दाचा हट्ट धरणे ही निव्वळ सवय राहत नाही, तो प्रमाद होतो. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, त्यामागचा न्यायही हाच होता; ती नावे सहज उच्चारणाऱ्या प्रत्येकाच्या मनात तुच्छता नसली, तरी तेथे राहणाऱ्याला ती रोज पत्त्यात लिहावी लागत.

याचा अर्थ प्रत्येक शब्द सारखाच सदोष ठरतो असा नाही. ‘ब्लॅकलिस्ट’चा उगम वंशभेदात नाही आणि ‘गिट’ या प्रोग्रॅमच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रणालीतील ‘मास्टर’ शाखेला जोडीचा ‘स्लेव्ह’ नाही, त्यामुळे त्यांचा विचार स्वतंत्रपणे व्हायला हवा. तसेच नाव बदलल्याने विषमता संपल्याचे समाधान मानणे हाही प्रमादच होय. हेतूचे महत्त्व खरे आहे, पण ते मागे झालेल्या कृतीचा दोष ठरवताना. पुढचे पाऊल कोठे टाकावे हे मात्र जमिनीकडे पाहूनच ठरवावे लागते.