आधी पुस्तकाचं प्लॅस्टिक फाड

चिरंजीव, परवा ताम्हिणी घाटात मी तुला गाडी बाजूला घ्यायला लावली, तेव्हा तुझं तोंड वाकडं झालं होतं. सूनबाई आणि पोरं मागे बसली होती म्हणून मी गप्प राहिलो. मुलांदेखत बापाचा पाणउतारा करू नये, एवढं मला कळतं. आज तू एकटा आला आहेस. दार लावून घे आणि मोबाइल उलटा ठेव.

घाट उतरायला लागलो आणि दुसऱ्याच वळणावर डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकला. गाडीचं चित्र, तिच्यामागे दोन नागमोडी रेघा. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. मी विचारलं, हे काय आहे? तू म्हणालास, "काही नाही सर, सेन्सरचा फॉल्ट असेल. पावसाळा लागल्यापासून सारखा पेटतो. मी बटण दाबून बंदच करून टाकतो." आणि खरंच दाबलंस! शेजारी 'ऑफ'चा दिवा लागला, आणि तू निवांत शीळ घालायला लागलास.

अरे शहाण्या, तो फॉल्ट नव्हता. गाडी तुझी चूक दुरुस्त करत होती आणि तशी पावती देत होती. तो दिवा स्थिर पेटून राहिला तर यंत्रणा बिघडलेली असते. लुकलुकला तर ती त्या क्षणी काम करत असते. दोन वळणांवर जिने तुला सावरलं, तिचेच हात तू पुढच्या वळणाआधी बांधलेस. वर म्हणतोस, वीस वर्षं गाडी चालवतोय!

आता वीस वर्षांत जे वाचलं नाहीस ते ऐक. या यंत्रणेला इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल म्हणतात. तू स्टेअरिंग किती फिरवलंस हे एक सेन्सर बघतो. गाडी प्रत्यक्षात किती वळते आहे हे दुसरा बघतो. दोघांचा हिशेब जुळला नाही, की यंत्रणा इंजिनाची ताकद कमी करते आणि नेमक्या एका चाकाला ब्रेक लावते. मागचा भाग बाहेर फेकला जात असेल तर वळणाच्या बाहेरच्या अंगाचं पुढचं चाक धरते. पुढची चाकं वळायचं सोडून सरळच घसरत असतील तर आतल्या अंगाचं मागचं. तुझ्या पायाखाली ब्रेकचं पेडल एकच आहे. एका चाकाला ब्रेक लावून बाकीची तीन मोकळी सोडणं तुला काय, शर्यतीत गाड्या पळवणाऱ्यालाही जमणार नाही.

१९९५ मध्ये बॉश आणि मर्सिडीजने ही यंत्रणा पहिल्यांदा महागड्या गाडीत बसवली. दोनच वर्षांनी, १९९७ मध्ये, त्याच मर्सिडीजची नवी छोटी ए-क्लास गाडी स्वीडनमध्ये एका मासिकाच्या चाचणीत उलटली. चाचणी साधी होती. रस्त्यात अचानक मोठं जनावर आलं असं समजून गाडी झटकन एका बाजूला काढायची आणि लगेच परत आपल्या लेनमध्ये आणायची. कंपनीची जगभर शोभा झाली. मग तिने ही यंत्रणा त्या छोट्या गाडीतही सरसकट बसवली. पुढे अमेरिकेने आणि युरोपने नव्या गाड्यांना ती सक्तीची केली. तुझ्या गाडीला मिळालेल्या ज्या ताऱ्यांचा फोटो तू स्टेटसला ठेवला होतास, त्या भारत एनसीएपीच्या सुरक्षा चाचणीतसुद्धा तीन किंवा जास्त तारे मिळवायचे तर गाडीत ही यंत्रणा लागतेच. म्हणजे तारे मिरवायचे, आणि ज्याच्या जोरावर ते मिळाले ते बटण दाबून बंद करायचं.

बाजूला थांबल्यावर तू मला काय ऐकवलंस? "सर, गाडी जड आहे, रस्ता धरून असते." हे वाक्य तू भौतिकशास्त्राच्या मास्तरला ऐकवलंस! बारावीत वर्तुळाकार गतीच्या धड्यातली ती सिद्धता तुझ्या वहीत मी स्वतः तपासली होती. सपाट वळणावर गाडीला आत खेचणारं बल फक्त टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणाचं. समीकरणाच्या दोन्ही बाजूंना वस्तुमान येतं आणि कटतं. तू ते लाल पेनाने खोडून दाखवलं होतंस, आठवतं? गाडी नऊशे किलोची असो की दोन हजार किलोची, वळणावरच्या वेगाची मर्यादा तीच. वेगाचा वर्ग म्हणजे घर्षणांक गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले त्रिज्या. त्या वळणाची त्रिज्या ३० मीटर धरू. भिजलेला डांबरी रस्ता, वर डोंगरातून वाहून आलेला चिखल, तेव्हा घर्षणांक ०.४. कर गणित. उत्तर येतं ताशी सुमारे ३९ किलोमीटर. तुझा काटा ४५ वर होता. जास्तीचे ते सहा किलोमीटर गाडीने ताकद तोडून, ब्रेक लावून कमी केले, म्हणून दिवा लुकलुकला. तू उंच गाडी घेतलीस, तिचा गुरुत्वमध्य वर गेला, म्हणजे उलटण्याचा धोका तेवढा वाढला. ही काळजी तर तुझ्या गावीही नाही.

आणि लक्षात ठेव, ही यंत्रणा देव नाही. नवीन घर्षण ती निर्माण करत नाही. एकेका टायरचा रस्त्याला टेकलेला भाग तळहाताएवढा. त्या चार तळहातांवर जेवढी पकड आहे, तेवढीच ती शहाणपणाने वाटून देते. टायर गोटा झालेला असेल किंवा वळणात ७० ने घुसलास, तर वाटायलाच काही उरत नाही. तेव्हा दिवा लुकलुकला की शीळ घालायची नाही, पाय उचलायचा. तो गाडीचा शेरा आहे : वेग जास्त.

पुढे म्हैस आडवी आली. तू ब्रेक दाबलास, पेडल पायाखाली कडकड थरथरलं आणि तू दचकून पाय उचललास. एबीएस आहे ते! चाक जाम होऊ नये म्हणून ब्रेक सेकंदात कितीतरी वेळा सोडतं आणि धरतं, त्याची ती थरथर. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे नव्या गाड्यांना सक्तीचं आहे आणि तुला अजून त्याची ओळख नाही. जुन्या गाडीची पंप मारायची सवय सोड. पूर्ण जोराने दाब, दाबून ठेव आणि स्टेअरिंग मोकळ्या बाजूला वळव. चाक फिरत राहिलं तरच गाडी वळते, त्यासाठीच तर ही सगळी खटपट. म्हैस शहाणी, ती स्वतःच बाजूला झाली.

आता तुझ्या आवडीचा विषय. "सर, गाडी ॲव्हरेज देत नाही हो." देईल कशी? वळणं संपून सरळ उतार लागला, तसा तू गिअर काढून न्यूट्रल केलास. म्हणे डिझेल वाचतं. कार्ब्युरेटरच्या जमान्यातली ही विद्या तुला कोणी दिली? आताच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढलास, की इंजिनाचे फेरे बरेच खाली येईपर्यंत इंधन पूर्ण बंद होतं. चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलंस की इंजिन चालू ठेवायला डिझेल जाळावंच लागतं. म्हणजे उतारावर फुकट मिळत होतं ते तू विकत घेतलंस. शिवाय इंजिनाचा ब्रेक गेला, सगळा भार ब्रेकच्या पॅडवर आला, आणि पॅड तापले की ऐनवेळी धरत नाहीत. ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागतो, साधारण त्याच गिअरमध्ये उतरावा. एसटीच्या कोणत्याही चालकाला विचार.

दात कोरून पोट भरत नाही, बाळ. एकीकडे न्यूट्रल करून चमचाभर वाचवतोस आणि दुसरीकडे बादलीने सांडतोस. भजी खायला थांबलो, तर एसी पाहिजे म्हणून इंजिन वीस मिनिटं चालू. दिवाळीत बसवलेलं टपावरचं कॅरिअर जुलैपर्यंत रिकामं तिथेच, वारा अडवत. पंपावरचा पोरगा विचारतो किती हवा भरू, तर तू म्हणतोस टाक अंदाजे. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर आकडा छापलेला आहे, रिकाम्या गाडीला वेगळा आणि भरलेल्या गाडीला वेगळा. टायर थंड असताना तो बघून भरायचा. कमी हवेचा टायर डिझेल खातो, तापतो आणि वळणावर दगा देतो. हायवेला ८० सोडून १०० ने गेलास, तर हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो. एवढं करून तू पोचलास किती आधी? पुढच्या टोलनाक्यावर तू मागे टाकलेला ट्रक तुझ्या शेजारी उभा होता.

आणि समोर लाल सिग्नल दिसत असताना रेस देत जाणं, मग करकचून ब्रेक! ब्रेक दाबला की जाळलेल्या डिझेलची ऊर्जा डिस्कवर उष्णता होऊन उडून जाते. म्हणून शंभर-दोनशे मीटर पुढे बघून चालवणाऱ्याचं डिझेल वाचतं, आणि त्याचा एबीएसही क्वचितच थरथरतो. डिझेल आणि जीव वाचवायची युक्ती एकच आहे, त्यासाठी वेगवेगळे क्लास लावावे लागत नाहीत.

ते बटण मग दिलंच कशाला, असं तू विचारणार. चिखलात किंवा समुद्राच्या वाळूत चाक रुतलं, तर यंत्रणा चाक जागच्या जागी फिरू देत नाही, इंजिनाची ताकद तोडते आणि गाडी निघत नाही. तेवढ्यापुरतं बंद करायचं, गाडी बाहेर काढायची आणि लगेच चालू करायचं. ताम्हिणी घाट म्हणजे वाळू नव्हे.

हे सगळं मी नवीन सांगितलं असं समजू नकोस. तुझ्या गाडीच्या पुस्तकात दिव्यांच्या पानावर, हवेच्या पानावर छापलेलं आहे. परवा कागदपत्रं बघायला म्हणून मी समोरचा कप्पा उघडला. डिलिव्हरी होऊन इतके महिने झाले. हार घातलास, नारळ फोडलास, चाकाखाली लिंबू ठेवलंस, शोरूममध्ये केक कापून भल्यामोठ्या किल्लीबरोबर फोटो काढलास. आणि पुस्तक? प्लॅस्टिकच्या पिशवीत सीलबंद. बारावीचं माझ्या विषयाचं पुस्तकही तू असंच कोरं ठेवलं होतंस. गाइड वाचून, सिद्धता पाठ करून तुला पैकीच्या पैकी गुण मिळाले, कारण पेपर तपासणाऱ्याला पाठांतर चालतं. वळणाला चालत नाही.

त्या दोन वळणांवर मागे तुझी दोन पोरं एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती. पट्टे न लावता.

रविवारी सकाळी सात वाजता गाडी घेऊन ये. टपावरचं कॅरिअर काढून, हवा मोजून आणि पुस्तक वाचून ये. तोंडी परीक्षा घेईन. आणि पुस्तक अजून पिशवीतच असेल, तर बसने ये.