लेकरांचे मन खचू देऊ नका

(वाचन : 1 शमुवेल 16:1-13, 17:32-37, कलस्सैकरांस पत्र 3:20, 21)



मुलांनी आईबापांचे ऐकावे, हे वचन आपण घरोघरी शिकवितो. परंतु पौलाने त्याच्या लगेच खाली बापांसही एक आज्ञा केली आहे. मुलांस इतके चिडवू नये की त्यांचे मन खचून जाईल, असा तिचा भाव आहे. हिचा मात्र आपणांस विसर पडतो.

शमुवेल बेथलेहेमास आला तेव्हा इशायाने आपले सात पुत्र त्याच्यापुढे आणिले. धाकटा दावीद मेंढरांमागे होता. त्यास बोलवावे असे कोणास वाटले नाही. बापाने ज्यास मोजिले नाही, त्यासच देवाने निवडिले. तथापि इशायाने एक गोष्ट बरी केली होती. त्याने मेंढरे ह्या पोराच्या स्वाधीन केली होती. पुढे शौल राजा दाविदास नाउमेद करू लागला, तेव्हा त्याने सिंह व अस्वल ह्यांच्या तोंडून कोकरू सोडविल्याचे सांगितले. आणि तेव्हा ज्या परमेश्वराने राखिले तोच आताही राखील, असे म्हटले. पाहा, त्याचे धैर्य लहान कामात वाढले व देवावर टेकले होते. हा गर्व नव्हे.

यास्तव मुलाच्या वयाजोगे काम त्याच्या हाती द्या. लहान मुलीस कोंबड्यांस दाणे टाकू द्या. थोड्या मोठ्या मुलास दुकानातून मीठ आणून पैशांचा हिशेब देऊ द्या. दाणे सांडले तर सूप हिसकावून घेऊ नका. ते कसे धरावे हे पुन्हा दाखवा. खोटी स्तुती करू नका, ती मूल ओळखते. पण त्याने केलेले श्रम अवश्य बोलून दाखवा.

पंडिता रमाबाईंस त्यांच्या आई लक्ष्मीबाई ह्यांनी संस्कृत शिकविले. मुलीस ती विद्या देणे त्या काळी लोकांस रुचत नसे. आईबाप दुष्काळात वारले; परंतु आईने दिलेले धन राहिले. 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ह्या वीस वर्षांच्या मुलीचा गौरव केला, आणि 1887 साली निघालेले आपले इंग्रजी पुस्तक तिने आईच्याच स्मृतीस अर्पण केले.

आता माझा एक अपराध सांगतो. शब्बाथ शाळेत एक मुलगा पाठ म्हणताना अडखळला. मी सर्वांदेखत म्हणालो, "तुला काही यायचे नाही." त्यानंतर कित्येक महिने तो उभा राहिला नाही. त्याची आई रोज रात्री चुलीपाशी बसून एकेक ओळ त्याजकडून म्हणवून घेई. नाताळास तो मंडळीपुढे उभा राहिला. आवाज हळू होता, परंतु तो शेवटपर्यंत बोलला. मी मोडिले ते त्या माउलीने बांधिले. मी त्या मुलाची क्षमा मागितली.

बंधूंनो, आपल्यापैकी पुष्कळांच्या वाडवडिलांस पिढ्यान्‌पिढ्या "दूर हो, तू हलका" हेच ऐकावे लागले. गावाने जो घाव घातला, तोच आपण आपल्या उंबऱ्याच्या आत लेकरांवर घालावा काय? लेकरांस आणणाऱ्यांस शिष्य दटावीत होते, तेव्हा प्रभूस राग आला. त्याने लेकरांस कवेत घेऊन आशीर्वाद दिला. आज रात्री दिवा मालविण्यापूर्वी आपल्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवा, त्याचे नाव घेऊन प्रार्थना करा, आणि ती त्यास ऐकू द्या.

प्रभू आपणांस कोमल जीभ व धीराचे हात देवो. आमेन.