गोळी कोणी झाडली?

आमच्या शब्बाथ शाळेच्या वरच्या वर्गातील मुलांनी ‘द इंटरनॅशनल’ हा इंग्रजी चित्रपट पाहिला आणि धडा बाजूला सारून मला विचारले, “सर, सॅलिंजरने गोळी झाडली नाही, मग तो निर्दोष ना?” मग मीही तो पाहिला. (गोळीबार जरा अतीच झाला आहे, गुगेनहाइम संग्रहालयातील चकमक तर संपता संपत नाही.)

टॉम टिक्वर दिग्दर्शित हा चित्रपट २००९ सालचा. लक्झेंबर्गमधील एक बलाढ्य बँक शस्त्रांच्या व्यवहारात शिरते. तिला युद्धातला नफा नको असतो, युद्धामुळे होणारे कर्ज हवे असते. कर्जदार राष्ट्र मुठीत राहते. साक्ष द्यायला निघालेली माणसे एकामागून एक मरतात.

बँक काल्पनिक, पण तिचे मूळ खरे. आगा हसन आबेदी यांनी १९७२ साली स्थापलेली बी.सी.सी.आय. बँक लक्झेंबर्गमध्येच नोंदलेली होती. मुंबईतही तिची शाखा होती. अमली पदार्थांचा पैसा लपविण्याचा गुन्हा तिने १९९० साली अमेरिकेत कबूल केला आणि ५ जुलै १९९१ रोजी अनेक देशांनी तिला टाळे ठोकले. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या कितीतरी भारतीय-पाकिस्तानी दुकानदारांची पुंजी तीत अडकली. आबेदींना तुरुंग कधी पाहावा लागला नाही. १९९५ साली ते कराचीत वारले.

अशी प्रकरणे वाचली की सॅलिंजरचा संताप आपलाच वाटतो. तो इंटरपोलचा अधिकारी. पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांत मुरलेला म्हातारा वेक्सलर त्याला पटवितो की, न्याय हवा तर कायद्याबाहेर पाऊल टाक. तेव्हा सॅलिंजर एका खून झालेल्या शस्त्रउत्पादकाच्या मुलांकडे जातो आणि बाप कोणी मारविला एवढेच सांगतो. शेवटी इस्तंबूलच्या छपरांवर तो बँकेच्या प्रमुखावर पिस्तूल रोखतो. पण गोळी झाडतो त्या मुलांचा भाडोत्री मारेकरी. खुर्चीवर दुसरा येतो, बँक चालू राहते.

मला आठवला दावीद. एन-गेदीच्या गुहेत शौलाच्या झग्याचा काठ नुसता कापला, तर त्याचे मन त्याला खाऊ लागले. पुढे राजा झाल्यावर त्याने यवाबाला पत्र लिहिले. उरीया पडला तो अम्मोन्यांच्या हातून. दावीद तर यरुशलेमेत होता! या वेळी मन टोचले नाही, नाथानाला यावे लागले. सॅलिंजरचा हेतू दावीदासारखा मलिन नव्हता, हे मान्य. पण आपला शब्द कोठे जाऊन पोहोचेल हे त्याला ठाऊक नव्हते काय?

आणि कायदा खरोखरच इतका पांगळा होता का? बी.सी.सी.आय.चे हिशेब उपसणाऱ्यांनी सुमारे वीस वर्षे कागद चाळले आणि ठेवीदारांचा निम्म्याहून पुष्कळ अधिक पैसा परत मिळविला. त्यावर मात्र कोणी चित्रपट काढणार नाही.

मुलांना मी अजून उत्तर दिलेले नाही. येत्या रविवारी शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा अकरावा अध्याय वाचावयास देईन. ते पत्र यवाबाकडे कोणी नेले, एवढेच त्यांना शोधावयास सांगेन. ते उरीयानेच नेले होते.